फ्रेममध्ये माळरानही हवे

काळविटाचा फोटो म्हटला की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर येते. पीळदार शिंगे, डोळ्यांभोवतीची पांढरी कडी, काळ्या पाठीखाली पांढरेशुभ्र पोट, आणि मागे धूसर झालेला पिवळा रंग. कॅलेंडरांवर, अभयारण्यांच्या फलकांवर, स्पर्धांच्या निकालांत हेच चित्र असते. ते देखणे असते यात वाद नाही. पण त्या चित्रावरून काळवीट कुठे राहतो हे सांगता येत नाही. तो एकटा हिंडतो की कळपात, काय खातो, धोका दिसला तर कुठल्या दिशेला पळतो, यातले काहीच त्यात नसते. मागचा पिवळा रंग गवताचा आहे, काढणी झालेल्या ज्वारीच्या रानाचा आहे की प्राणिसंग्रहालयाच्या भिंतीचा, हेही कळत नाही. कळपाने राहणाऱ्या प्राण्याचा फोटो त्याच्या जमिनीसकट काढला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. जमीन फोटोतून गेली की हळूहळू ती लोकांच्या मनातूनही जाते, आणि आपल्याकडे माळरानांच्या बाबतीत ती कधीच जाऊन बसली आहे.

असे चित्र तयार होण्यामागे लेन्सचा मोठा हात आहे. 600 मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स समोरच्या दृश्याचा जेमतेम 4 अंशांचा तुकडा उचलते. त्याच कॅमेऱ्यावर 24 मिलिमीटरची वाइड लेन्स लावली तर 84 अंशांपर्यंतचे दृश्य आत येते. लांब लेन्सचे ॲपर्चर पूर्ण उघडले की फोकसमध्ये राहणारा पट्टा इतका अरुंद होतो की डोळा स्पष्ट असताना पाठीमागचे सगळे विरघळून जाते. शिवाय फार लांबून काढलेल्या फोटोत पुढचे-मागचे अंतर दबते. एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर चरणारी दोन जनावरे खेटून उभी असल्यासारखी दिसतात आणि विखुरलेला कळप दाटीवाटीचा वाटतो. रानातला प्राणी माणसाला ठरावीक अंतराच्या आत येऊ देत नाही, म्हणून लांब लेन्स लागतेच. तिच्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही. मात्र गरजेपोटी घेतलेल्या साधनाची सवय झाली, आणि त्या सवयीलाच लोक वन्यजीव छायाचित्रण समजू लागले.

कळपाच्या बाबतीत ही सवय विशेष महागात पडते, कारण कळपाचा अर्थच मुळी अंतरांमध्ये असतो. गुजरातमध्ये भावनगर जिल्ह्यातल्या भाल प्रदेशात वेळावदरचे काळवीट राष्ट्रीय उद्यान आहे. 1976 साली जाहीर झालेले हे उद्यान जेमतेम 34 चौरस किलोमीटरचे. पूर्वी ही भावनगर संस्थानची शिकारीची कुरणे होती आणि तिथे शिकवलेल्या चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे. जमीन सपाट, खारवट, गवताने भरलेली. एकीकडून पाहिले तर दुसरीकडचे क्षितिज दिसते. विणीच्या हंगामात इथल्या काही मोकळ्या जागांवर नर एकमेकांपासून थोड्या थोड्या अंतरावर आपापला तुकडा धरून उभे राहतात. त्या तुकड्यात चाऱ्याचे आकर्षण फारसे नसते. नर तिथे लेंड्यांचे ढीग घालून हद्द सांगतो, दुसरा नर आत आला की त्याच्या अंगावर जातो, आणि मादी दिसली की मान उंच करून, शिंगे पाठीवर टेकवून, कान पाडून, शेपटी वर वळवून तिच्याभोवती ताठ पावलांनी चालू लागतो. त्या वेळी त्याच्या डोळ्यापुढची गंधग्रंथी उघडलेली स्पष्ट दिसते. मादी इथे येते ती नर निवडायला. लांब लेन्सने काढलेल्या फोटोत यातला एक रुबाबदार नर येतो. त्याच्या दोन्ही बाजूंना तसेच आणखी कितीतरी नर उभे आहेत, प्रत्येकाने मध्ये जागा राखली आहे आणि माद्यांचा घोळका त्या सगळ्यांमधून चालला आहे, हे दिसायला मैदान दिसावे लागते. खरी घटना त्या मैदानाच्या मांडणीत आहे. एकटा नर हा तिचा एक शब्द झाला.

रोजच्या चरण्यातही असेच असते. उघड्यावर राहणाऱ्या प्राण्याला लपायला जागा नसते. त्याचे संरक्षण दूरवर पाहण्यात आणि वेगात असते. कळपात अनेक डोळे राखण करतात, त्यामुळे प्रत्येकाला मान खाली घालून चरायला थोडा जास्त वेळ मिळतो. निवांत कळप पसरलेला असतो. लांडग्याची चाहूल लागली की माना एकाच दिशेला वळतात, जनावरे जवळ येतात आणि मग उंच उड्या मारत रांग सुटते. म्हणजे कळपाचा आकार पाहून त्या क्षणी रानात काय चालले आहे ते वाचता येते. हे वाचण्यासाठी फोटोत कळपाची कडा हवी, कळप ज्याच्याकडे पाहतो आहे ती दिशा हवी, आणि गवत किती उंच आहे हेही दिसायला हवे.

जमिनीसकट काढलेल्या फोटोने शास्त्राला काय दिले, याचे उत्तम उदाहरण आफ्रिकेतल्या सेरेंगेटीचे आहे. फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड झिमेक आणि त्यांचा मुलगा मिशाएल यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीस झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून तिथल्या कळपांची मोजदाद केली आणि त्यांचे मार्ग नकाशावर उतरवले. उद्यानाच्या प्रस्तावित सीमा कळपांच्या वाटांशी जुळत नाहीत, हे त्यातून दिसले. जानेवारी 1959 मध्ये गिधाडाची धडक बसून विमान कोसळले आणि मिशाएल त्यात गेला. या कामावरच्या त्यांच्या माहितीपटाला पुढे ऑस्कर मिळाले. नंतरच्या संशोधकांनी ठरावीक उंचीवरून थेट खाली रोखलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढून विल्डबीस्ट मोजले. उंची माहीत असली की एका फोटोत किती जमीन आली हे निश्चित सांगता येते, आणि जमीन माहीत असेल तरच फोटोतल्या ठिपक्यांवरून संख्या काढता येते. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे अडीच लाख असलेले विल्डबीस्ट 1970च्या दशकाच्या अखेरीस 13 लाखांच्या आसपास गेले होते. आजूबाजूच्या गुरांना लस टोचल्यामुळे बुळकांडीचा रोग हटला, हे त्यामागचे मुख्य कारण निघाले. विल्डबीस्टच्या चेहऱ्यांच्या हजारो फोटोंतून हे कळले नसते.

सेरेंगेटीतूनच उलटे उदाहरणही देता येते. जगभर गाजतो तो मारा नदी ओलांडणाऱ्या कळपाचा फोटो: उसळलेले पाणी, घाबरलेले डोळे, मगरीचा जबडा. त्याच कळपाच्या आयुष्यातला अधिक महत्त्वाचा काळ साधारण जानेवारी ते मार्चमधला, दक्षिणेकडच्या आखूड गवताच्या मैदानांवरचा. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची, कॅल्शियम आणि फॉस्फरसने समृद्ध. दूध पाजणाऱ्या माद्यांना तिथला चारा मानवतो, आखूड गवतात शिकारी लांबून दिसतो, आणि बहुतेक पिल्ले तिथे थोड्या आठवड्यांत जन्मतात. या मैदानाशिवाय नदीवरचा तो थरार उरणारच नाही. आणि त्या थराराच्या फोटोत काठावर दाटीने उभ्या असलेल्या पर्यटकांच्या गाड्या सहसा नसतात, कारण अरुंद फ्रेम त्यांना सहज वगळते. कळपाची वाट अडवणारी ती गर्दी रुंद फोटोत लपत नाही.

‘इथे काही नाही’ असे म्हणून एखादी जमीन वापरायला काढली जाते, तेव्हा अशा फोटोचे मोल सर्वांत जास्त कळते. अलास्कातल्या आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानाच्या किनारी मैदानाखाली तेल आहे. ते काढावे असे म्हणणाऱ्यांनी त्या भूमीचे वर्णन सपाट, पांढरी, रिकामी जागा असे केले होते. बंगालमध्ये जन्मलेले छायाचित्रकार सुभंकर बॅनर्जी यांनी 2001-02 मध्ये तिथे ऋतूंमागून ऋतू राहून काम केले. गोठलेल्या नदीवरून रांगेने निघालेल्या गाभण कॅरिबू माद्यांचा त्यांनी विमानातून काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. त्यात एकाही कॅरिबूचा चेहरा नीट दिसत नाही. दिसते ती बर्फावरून जाणारी बारीक रांग आणि तिच्या भोवतालचा प्रचंड प्रदेश. मार्च 2003 मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये तेलाच्या प्रश्नावर चर्चा चालू असताना सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी बॅनर्जींच्या कामाचा दाखला दिला, त्यांचा एक फोटो सभागृहात दाखवला, आणि तेल काढण्याची तरतूद 52 विरुद्ध 48 मतांनी वगळली गेली. मतदानामागे राजकारणाची इतर कारणे होतीच, फक्त फोटोने निकाल फिरला असे म्हणणे चूक ठरेल. 2017 साली कायदा करून ती जमीन तेलासाठी पुन्हा खुलीही करण्यात आली. तरीसुद्धा, ‘तिथे काही नाही’ हे वाक्य त्या सभागृहात बिनविरोध उच्चारता आले नाही, एवढे काम त्या फोटोंनी निश्चित केले. 2003 सालीच वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनाची जागा बदलून मजकूर कापण्यात आला, त्यावरूनही त्या फोटोंचा प्रभाव कळतो.

आता आपल्याकडे पाहू. पुण्याच्या पूर्वेपासून अहिल्यानगर, सोलापूर, साताऱ्याचे माण-खटाव, सांगलीचे जत-आटपाडी असा पर्जन्यछायेचा पट्टा पसरला आहे. मुरमाड जमीन, कुसळी आणि पवन्यासारखी गवते, मध्ये एखादी बाभूळ किंवा बोर. काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, धाविक, चंडोल हे सगळे इथले मूळ रहिवासी, आणि एके काळी माळढोकही. इंग्रजांच्या महसूल व्यवस्थेत ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक ठरली. स्वातंत्र्यानंतरही हा शिक्का पुसला गेला नाही. 1985 साली पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ नेमले गेले ते मुख्यतः झाडे लावण्यासाठी, आणि देशाच्या पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत झुडपी माळांचा मोठा हिस्सा आजही त्याच खात्यात जमा आहे. मग माळावर खड्डे खणले जातात, गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावली जाते, आणि सगळ्यांना पुण्य केल्याचे समाधान मिळते. झाडांच्या सावलीत गवत मरते. काळविटाला लांबवर दिसेनासे होते आणि त्याच्यावर टपणाऱ्याला आडोसा मिळतो. वेळावदरलाही बाहेरून आलेल्या वेड्या बाभळीने गवत गिळू नये म्हणून ती सतत उपटून काढावी लागते.

ही माळराने म्हणजे तुटलेल्या जंगलांचे अवशेष आहेत, म्हणून तिथे झाडे लावणे हे जुने देणे फेडणे आहे, असा एक युक्तिवाद नेहमी होतो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी 2025 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनचे मराठी साहित्य, ओव्या आणि दैवतकथा यांतले झाडाझुडपांचे व भूदृश्याचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातला हा गवताळ, विरळ झाडांचा प्रदेश किमान 750 वर्षे तरी असाच आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. गोपाळांच्या, धनगरांच्या आणि देवांच्या कथांमध्ये त्या काळच्या लोकांनी आपले माळ जसे पाहिले तसे नोंदवून ठेवले, म्हणून आज तो पुरावा हाती आला. आपल्या पिढीकडे कॅमेरे आहेत. आणि आपण नोंदवून काय ठेवतो आहोत, तर धूसर पिवळ्या रंगापुढचे शिंगांचे मस्तक.

यावर पहिला आक्षेप असा येईल की माणूस चेहऱ्याशी नाते जोडतो. वाघाचे डोळे पाहून लोकांना वाघाविषयी जिव्हाळा वाटला, 1973 मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाला त्या जिव्हाळ्याचे बळ मिळाले, आणि वाघामुळे जंगल वाचले. मग काळविटाच्या चेहऱ्याने माळ का वाचू नये? आक्षेप वजनदार आहे आणि चेहऱ्याची ताकद मी नाकारत नाही. पण वाघाचा चेहरा जंगलाच्या बाजूने बोलू शकला, कारण जंगल ही राखण्याजोगी गोष्ट आहे हे ऐकणाऱ्याला आधीच मान्य होते. चेहरा पाहिला की मागे घनदाट रान आहे हे तो आपल्या मनाने भरून घेत होता. माळरानाला मनात तशी जागाच नाही. काळविटाचा देखणा चेहरा पाहून कुणी तो जंगलातला प्राणी समजतो, कुणी त्याच्यासाठी झाडे लावायला निघतो. म्हणून इथे चेहऱ्याबरोबर त्याचा पत्ताही दाखवावा लागतो.

दुसरा आक्षेप व्यवहारातला. मोबाइलच्या पडद्यावर रुंद फोटोतला कळप म्हणजे मुंग्या. त्याकडे कोण थांबणार? वाईट काढलेल्या रुंद फोटोला हा आक्षेप पूर्णपणे लागू आहे. असे फोटो अवघड असतात, आणि त्यांचे कसब वेगळे आहे. कळपातली जनावरे एकमेकांवर चढलेली दिसता कामा नयेत. दोन अंगांमध्ये, दोन शिंगांमध्ये उजेडाची फट येईपर्यंत थांबावे लागते. एखादा नर किंवा मान वर केलेली मादी थोडी पुढे आली की नजरेला आधार मिळतो आणि बाकीचा कळप तिच्यामागे उलगडत जातो. जीपच्या खिडकीतून कळप एका रेषेत चेपलेला दिसतो, लहानशा उंचवट्यावरून तोच पसरलेला दिसतो. 70 ते 200 मिलिमीटरची लेन्स बहुतेक वेळा पुरते. ॲपर्चर 8 किंवा 11 ठेवले तर पुढच्या गवतापासून मागच्या टेकडीपर्यंत बरेचसे स्पष्ट येते. उजळ गवताने फ्रेम भरली की कॅमेरा सगळा फोटो काळवंडवतो आणि काळा नर नुसती सावली होऊन बसतो, तेव्हा उजेड थोडा वाढवून घ्यावा. आणि हे सगळे सकाळी लवकर, कारण ऊन चढले की तापलेली हवा थरथरू लागते, मग कितीही महाग लेन्स असली तरी लांबचे चित्र वितळते. थोडक्यात, रुंद फोटो पाहिला जात नाही ही तक्रार बऱ्याचदा तो घाईत काढल्याची असते.

मला सर्वांत गंभीर वाटणारा आक्षेप निराळाच आहे. ‘नैसर्गिक भूदृश्य’ दाखवण्याच्या नादात छायाचित्रकार माणसांना पुसून टाकतात. सेरेंगेटीची जगभर पसरलेली प्रतिमा माणसांविना विस्तीर्ण रानाची आहे. तिथे गुरे राखणाऱ्या मसाईंना 1959 साली तो प्रदेश सोडावा लागला आणि झिमेक यांच्या विचारांतही त्यांना जागा नव्हती. ही टीका रास्त आहे. माळरानाचा फोटो काढताना धनगराचा वाडा, मेंढरांचा कळप, बांध, विजेचे खांब चुकवून फक्त रानटी तेवढे निवडले, तर आपणही तेच करू. सोलापूरजवळ नान्नजच्या परिसरात 1979 साली माळढोकसाठी जाहीर केलेले अभयारण्य कागदावर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे होते, म्हणजे त्यात गावे, शेती, रस्ते सगळेच आले. पुढे ते बरेच कमी करावे लागले. कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य तर सव्वादोन चौरस किलोमीटरही भरत नाही, आणि तिथले काळवीट आसपासच्या शेतांत चरतात, ज्वारी-हरभरा खातात, शेतकऱ्याचे नुकसान करतात. हे काळविटाचे आजचे खरे भूदृश्य आहे. तुरीच्या शेतातून जाणारा कळप आणि मागे पवनचक्की, असा फोटो स्पर्धेत बाद होईल कदाचित, पण प्रश्न नेमका काय आहे ते त्यातून कळेल. ब्रिटिश छायाचित्रकार निक ब्रँट यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या ‘इनहेरिट द डस्ट’मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या प्राण्यांचे फोटो खऱ्या आकारात छापून, जिथे ते पूर्वी फिरत त्या जागी, म्हणजे आजच्या कचरा डेपोंत, खाणींत, रेल्वेमार्गांलगत उभे केले आणि मग पुन्हा फोटो काढले. लांब लेन्स टाळून प्राण्यांचे फोटो काढण्यासाठी हेच ब्रँट आधीपासून ओळखले जातात.

मग ड्रोन का नको, असे विचारले जाते. वरून सगळेच दिसते खरे. पण अमेरिकेत काळ्या अस्वलांच्या अंगात हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रे बसवून 2015 साली झालेल्या एका अभ्यासात, ड्रोन जवळ आल्यावर अस्वले जागची फारशी हलली नाहीत तरी त्यांचे ठोके बरेच वाढलेले आढळले. प्राणी शांत दिसतो म्हणजे तो शांत आहे असे नाही. आपल्याकडे अभयारण्यांत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि अभयारण्याबाहेरच्या माळावर कुणी अडवणारा नसला तरी कळप उठवून मिळवलेला फोटो कळपाच्या जगण्याविषयी खोटे सांगतो. रुंद फोटोची एक भली बाजू अशी की त्यासाठी जवळ जावेच लागत नाही. जनावराला त्याचे अंतर देऊनच तो चांगला येतो. ठिकाण ओळखू आल्याने शिकाऱ्यांना वाट मिळेल, ही भीती मात्र खरी आहे. लांडग्याची गुहा, तणमोराचे घरटे यांचे रुंद फोटो काढले तरी प्रसिद्ध करू नयेत, आणि कळपांच्या फोटोंमधूनही नेमक्या जागेची नोंद काढून टाकावी.

ज्यांच्याकडे कॅमेरा आहे, निदान बरा मोबाइल आहे, आणि ज्यांच्या गावाजवळ काळविटांचा माळ शिल्लक आहे, त्यांना एक विनंती. चेहऱ्याचा फोटो जरूर काढा. त्यानंतर त्याच जागी उभे राहून एक फोटो क्षितिजासकट काढा, आणि दर पावसाळ्यात व दर हिवाळ्यात तो तिथूनच पुन्हा काढा. गवत किती होते, कळप कुठवर पसरला होता, कुंपण कधी आले, खड्डे कधी पडले, हे दहा वर्षांनी त्या फोटोंवरून दाखवता येईल, आणि ग्रामसभेत किंवा तहसील कचेरीत ‘ही जमीन पडीक आहे’ असे कुणी म्हणाले तर ते समोर ठेवता येतील. त्यासाठी प्रत्येक फोटोखाली तारीख आणि तालुका लिहून ठेवा.